भोपळ्याला चेंडू टाकायचा की नाही? (सोळा महिन्यांचा गोल्डन, हृदयाचा जन्मजात दोष)

रंकाळावासी | १८ फेब्रुवारी, रात्री ११:२०

धागा काढीन काढीन म्हणता चार महिने गेले. आज काढतेच, कारण झोप येत नाहीये आणि शेजारी भोपळ्याची बरगडी वरखाली होताना मोजत बसले आहे. आत्ताचा आकडा मिनिटाला २२.

भोपळ्या म्हणजे आमचा गोल्डन रिट्रीव्हर. डॉक्टरांच्या फायलीवर ब्रूनो. घरी आला तेव्हा रंगाने आणि आकाराने भोपळाच होता, म्हणून भोपळ्या. वजन २८ किलो, दिसायला ठणठणीत. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारे लोक थांबून 'काय तब्येत हाय!' म्हणतात, तेव्हा मी कसनुसं हसते.

तिसऱ्या महिन्यात लशीला नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, 'थोडा मर्मर (ठोक्यांमधला जास्तीचा आवाज) ऐकू येतोय. पिल्लांत असतो, जाईल.' आम्हीही विसरून गेलो. मग ऑक्टोबरमध्ये सोसायटीतल्या मांजरामागे सुटला आणि वॉचमनच्या केबिनपाशी मागचे पायच गेले त्याचे. पुढच्या पायांवर दोन पावलं स्वतःला ओढत नेलं आणि आडवा. हिरड्या पांढऱ्याफटक. वॉचमनने कांदा फोडून नाकाशी धरला, समोरच्या काकू तोंडात पाणी घालायला तांब्या घेऊन आल्या, मी नुसती उभी. दहा-बारा सेकंदांनी उठला, अंग झटकलं आणि मांजर कुठे गेलं ते शोधायला लागला.

पुण्याला नेऊन इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. निदान: सबएऑर्टिक स्टेनोसिस, गंभीर. डाव्या कप्प्यातून महाधमनीत रक्त जातं त्या वाटेवर, झडपेच्या जरा खाली, तंतूंचं कडं तयार झालंय. तिथून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४.९ मीटर, अडथळ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक ९६ (मिलिमीटर पारा). आता अटेनोलॉल सुरू आहे, आधी साडेबारा, मग २५ मिलिग्रॅम दोन वेळा. ऑपरेशनने फार काही हाती लागणार नाही, पळवायचं नाही, आणि कधीही अचानक जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. यातलं शेवटचं त्यांनी आमच्या मुलाला पाणी आणायला बाहेर पाठवून सांगितलं.

मुलगा सातवीत आहे. चेंडू हा त्या दोघांचा रोज संध्याकाळचा खेळ. तो बंद केलाय, 'गोळ्या चालू आहेत ना' एवढंच कारण सांगून. भोपळ्या सहा वाजले की चेंडू तोंडात धरून दारात बसतो. मुलगा विचारतो, 'बरा झाल्यावर टाकू ना गं?'

नवऱ्याचं म्हणणं, टाकू दे, कुत्र्याचा जन्म आहे, पळून जगला तर दोन दिवस कमी जगेल. मला ते पटतंही. पण चेंडू टाकणारा हात मुलाचा असेल आणि भोपळ्या तेव्हाच पडला तर? तो हात पुढे पन्नास वर्षं कुणाजवळ राहील?

कुणी यातून गेलंय का?

---

कोथरूडचा_काका | १९ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

वाचून गलबललं. सल्ला द्यायची पात्रता नाही. भोपळ्याच्या डोक्यावरून माझ्यातर्फे एकदा हात फिरवा.

---

काळूची_आई | १९ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

रंकाळावासी, आमचा काळू डोबरमन होता. साडेतीन वर्षांचा असताना डीसीएम निघालं, म्हणजे हृदय फुगून पातळ होतं ते. त्याला पायमोबेंडन दिलं, जेवणाआधी तासभर, उपाशीपोटी, दिवसातून दोनदा. त्यावर दीड वर्ष मिळालं, आणि चांगलं मिळालं. तुमच्या डॉक्टरांनी ते का नाही लिहून दिलं? मी असते तर दुसरा सल्ला घेतला असता. माझ्याकडे अर्धं पाकीट शिल्लक आहे, तारीख उलटलेली नाही. कुरियर करू का?

---

जनावरांचा_डॉक्टर | १९ फेब्रुवारी, दुपारी २:३०

@काळूची_आई, मन मोठं आहे तुमचं, पण ते पाकीट पाठवू नका.

दोन्ही 'हृदयविकार'च, पण एकमेकांच्या उलट. काळूचा पंप थकलेला होता, भिंती पातळ. पायमोबेंडन पंपाला जोर देतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं, त्याला ते हवंच होतं. भोपळ्याचा पंप थकलेला नाही, दार अरुंद आहे. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरा आणि मागून मोटर वाढवा. काय होईल? नळीवर ताण. अरुंद दारातून रक्त ढकलून ढकलून त्याच्या डाव्या कप्प्याचा स्नायू आधीच जाड झालाय. महाधमनीच्या वाटेवर असा अडथळा असेल तर पायमोबेंडन देऊ नये, असं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं.

अटेनोलॉल नेमकं उलटं करतं. ठोके सावकाश पाडतं. दोन ठोक्यांच्या मधल्या उसंतीत हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं. स्नायू जाड आणि ठोके भरभर, की ती उसंत जाते, स्नायू उपाशी राहतो, ठोक्यांची लय बिघडते आणि कुत्रा पडतो. मांजरामागे पळताना झालं ते हेच असावं.

ऑपरेशनबद्दल: रक्तवाहिनीतून आत नेलेल्या फुग्याने ती वाट रुंद करून पाहिली गेली आहे. अशी कुत्री आणि नुसत्या अटेनोलॉलवरची कुत्री यांच्या आयुष्यात फारसा फरक दिसला नाही. फुप्फुसाकडे जाणाऱ्या झडपेचा अडथळा असता तर मात्र फुग्याचा छान उपयोग झाला असता. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय.

तो ९६ आकडा कुठून येतो ते अनेकजण विचारतात. वेगाचा वर्ग गुणिले चार. ४.९ चा वर्ग २४, त्याची चौपट ९६. पन्नासच्या आत सौम्य, ऐंशीच्या वर गंभीर.

आणि दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अटेनोलॉल एकदम बंद करायचं नाही, गावाला जाताना गोळ्या विसरल्या असं चालत नाही. दात साफ करणं, गळू कापणं असलं काहीही करायचं झालं तर आधी अँटिबायोटिकबद्दल विचारा. या कुत्र्यांच्या झडपेवर जंतू बसायचा धोका जास्त असतो.

पडला तर: कुशीवर निजवा, मान सरळ, गळ्यातला पट्टा सैल, आजूबाजूची माणसं लांब. तोंडात पाणी अजिबात नाही, ते श्वासनलिकेत जातं. कांद्याने काही होत नाही, वॉचमनचा मान राखायला हरकत नाही.

---

काळूची_आई | १९ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

बापरे. बरं झालं बोललात. मी खरंच पाठवलं असतं.

---

निवांत_नाना | १९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. थंड देशातली कुत्री हौसेने पैसे मोजून आणायची आणि मग पुण्याच्या वाऱ्या करायच्या. गावठी घेतला असता तर हे झालं असतं का? आमच्या वाड्यात पाच कुत्री जगली, एकाचाही इको केला नाही.

---

परळकर | १९ फेब्रुवारी, रात्री १०:२५

@नाना, इको केला नाही म्हणून कळलं नाही, असंही असू शकतं ना? वाड्यातलं पिल्लू 'असंच गेलं' म्हणतात, त्यातली किती हृदयाने गेली कुणी मोजली?

माझी चिंगी शंभर टक्के गावठी. स्टेशनबाहेर सापडली, दोन महिन्यांची. छातीला हात लावला तर आत गिरणी चालल्यासारखी घरघर. बैलघोड्यात (परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात) नेली, तिथल्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावताच सांगितलं की पीडीए असणार. आईच्या पोटात फुप्फुसं बंद असतात तेव्हा रक्ताला आडवाटेने नेणारी एक नळी असते. ती जन्मानंतर थोड्या दिवसांत मिटायला हवी, चिंगीची उघडीच राहिली. छाती उघडून ती नळी बांधली. खर्चाला मित्रांकडून उसने घेतले, ते फेडायला वर्ष गेलं. आज सहा वर्षांची आहे आणि माझ्या चपला खाते.

रंकाळावासी, तुमची केस वेगळी आहे, खोटी आशा लावत नाही. हे लिहिलं ते पिल्लाला मर्मर आहे म्हणून हा धागा शोधत येणाऱ्यांसाठी. हलका मर्मर बऱ्याच पिल्लांचा चार-पाच महिन्यांत जातो. मोठा असेल, किंवा त्या वयानंतरही राहिला, तर इको करा. काही दोष वेळेत सापडले तर चक्क बरे होतात.

---

रंकाळावासी | २० फेब्रुवारी, रात्री १०:४५

सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, नळी-अंगठा घरात सगळ्यांना करून दाखवला. सासूबाईंना पहिल्यांदा कळलं. त्या तोवर अर्जुनारिष्ट द्या म्हणून मागे लागल्या होत्या, 'हृदयाला अर्जुनसाल' म्हणून. आसव-अरिष्टांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, ते कुत्र्याला नको, असं आमच्या वैद्यांनीच सांगितलं तेव्हा गप्प झाल्या. आता रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणताना त्याला शेजारी बसवतात. त्याला चालतं, प्रसादाची खडीसाखर मिळते.

नाना, राग नाही. पण हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते, तुम्ही नाही विचारलात तरी चाललं असतं.

ब्रीडरला फोन केला होता. पैसे नकोत, फक्त याच्या आईबापाची पुन्हा पिल्लं काढू नका, एवढंच सांगायचं होतं. पलीकडून उत्तर आलं, 'हा परत आणा, दुसरा घेऊन जा.' मिक्सर बदलून द्यावा तसं. बापाचा फोटो अजून त्यांच्या स्टेटसवर असतो. या दोषात आनुवंशिकतेचा हात असतो. ज्यांना गोल्डन, बॉक्सर, रॉटवायलर किंवा न्यूफाउंडलंड घ्यायचाय त्यांनी आईबापाची हृदयतपासणी झालीय का ते विचारावं. मी डोळ्यांचा रंग विचारला होता.

मुलाला अजून सांगितलं नाहीये.

---

उंबरठा | २१ फेब्रुवारी, पहाटे १:१०

सहसा वाचनमात्र असतो. आज लिहितो.

आमच्या लॅब्राडॉरला उजव्या बाजूच्या झडपेचा दोष होता. पोटात पाणी व्हायचं, ते काढायला न्यायचो. मुलगी तेव्हा आठवीत. आम्ही दोघांनी ठरवलं, तिला 'पोट बिघडतं त्याचं' असं सांगायचं. एका सकाळी त्याने तिच्या प्रोजेक्टच्या कागदांवर पाय दिले, ती त्याच्यावर जोरात ओरडली, दार आपटून शाळेत गेली. दुपारी तो गेला.

ती रडली, सावरली, आम्हाला वाटलं संपलं. बारावीत तिला कपाटात काहीतरी शोधताना त्याची फाईल मिळाली. त्यावरच्या तारखा तिने नीट वाचल्या. माझ्यासमोर येऊन म्हणाली, 'बाबा, तुम्हाला वर्षभर माहीत होतं. मला माहीत असतं तर मी त्या दिवशी ओरडले नसते.' माझ्याजवळ उत्तर नव्हतं, अजून नाही.

तुमच्या मुलाला सांगा. आणि हात कुणाचा ते तुम्ही ठरवू नका, त्यालाच विचारा.

---

काळूची_आई | २१ फेब्रुवारी, सकाळी ८:००

@उंबरठा +१. डोळ्यांतून पाणी आलं.

---

जनावरांचा_डॉक्टर | २१ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

उंबरठा यांच्याशी सहमत. सांगताना एवढं जरूर सांगा की अशी कुत्री झोपेतही जातात. चेंडू टाकला नाही म्हणून वाचेलच असं नाही, आणि तो गेला तर चेंडूनेच गेला असंही नाही. मात्र गंभीर दोषात सुसाट पळणं टाळावं, हा सल्ला बदलत नाही. वास घेत रमतगमत चालणं चालेल. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाच्या आत फिरवून आणा, डांबरावर आपला तळहात पाच सेकंद टेकवता आला नाही तर त्याचेही पाय टेकवू नका.

झोपेतला श्वास मोजताय ते उत्तम. शांत झोपेत मिनिटाला तीसच्या वर सारखा जायला लागला तर फोन करा. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हा मोजू नका, उगाच घाबराल.

---

रंकाळावासी | २ मार्च, रात्री ९:३०

सांगितलं.

काल संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर तिघं बसलो होतो, मी, मुलगा आणि भोपळ्या. नळी, अंगठा, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हणजे बरा होणार नाही?' मी नाही म्हटलं. मग बराच वेळ त्याच्या कानाच्या मागची गाठ सोडवत बसला. गोल्डनवाल्यांना कळेल, तिथे केसांचा गुंता होतो तो. शेवटी म्हणाला, 'बाबांना सांग, चेंडू नको. पण फेकून द्यायचा नाही.'

नवऱ्याने ऐकलं. काही बोलला नाही.

---

परळकर | २ मार्च, रात्री १०:१०

पोरगं शहाणं आहे.

---

निवांत_नाना | ३ मार्च, सकाळी ७:१५

चेंडू लपवायला शिकवा. आमच्या वाड्यातली एक कुत्री धान्याच्या पोत्यांमागून उंदीर काढायची, नाकाच्या कामात तासभर जायचा, पळणं नाही. गोल्डनचं नाक तर शिकारीचंच. आधी टॉवेलखाली, मग कपाटामागे. दमतो पण धापा टाकत नाही.

(माझा मागचा प्रतिसाद जरा जास्त झाला होता.)

---

रंकाळावासी | २८ मार्च, रात्री ८:५०

नाना!! तुमचं नाव घरात रोज निघतं. सहा वाजता भोपळ्याला स्वयंपाकघरात कोंडायचं, मुलगा चेंडू लपवणार, मग 'शोध'. पहिले चार दिवस टॉवेलवरच बसून राहिला. आता तांदळाच्या डब्यामागून, उशीच्या अभ्र्यातून, एकदा तर सासूबाईंच्या जपमाळेच्या पिशवीतून काढला. त्या दिवशी रामरक्षा अर्धा तास उशिरा झाली.

गोळीचा उपद्रव चालू आहे. पोळीच्या तुकड्यात दिली की पोळी खातो आणि गोळी सतरंजीवर ठेवतो, अगदी नीट, ओली करून. सध्या उकडलेल्या रताळ्याच्या गोळ्यात जाते.

होल्टर (चोवीस तास ठोके नोंदवणारं यंत्र) माणसांचाच मिळाला. छातीवरचे केस भादरून पट्ट्या लावल्या आणि वर मुलाचा जुना टीशर्ट. चोवीस तास घरभर मिरवला. मधे मधे चुकार ठोके आहेत, डोस तूर्त तोच.

---

रंकाळावासी | ४ मे, रात्री ११:०५

आज पुन्हा पडला.

मुलगा आठ दिवस मामाकडे होता. संध्याकाळी गेट उघडल्याचा आवाज आला आणि भोपळ्या उठला, शेपूट इतकी हलत होती की टीपॉयवरचा पेला गेला. दारात मुलगा दिसला, हा दोन पायांवर उभा राहिला आणि तसाच खाली आला.

म्हणजे चेंडू नाही, मांजर नाही. पोरगा घरी आला म्हणून.

मी आतून येईपर्यंत मुलाने सॅक टाकून त्याला कुशीवर घेतलं होतं, पट्टा काढला होता आणि मोठ्याने आकडे मोजत होता. समोरच्या काकू तांब्या घेऊन आल्या तर मान वर न करता म्हणाला, 'काकू, पाणी नको, तो चौदाव्या सेकंदाला उठेल.' सोळाव्याला उठला.

नंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मुलगा टीपॉयखालच्या काचा वेचत होता.

---

उंबरठा | ५ मे, रात्री १२:२०

जागा आहे. वाचलं.

---

जनावरांचा_डॉक्टर | ५ मे, सकाळी ७:३०

उद्यावर ढकलू नका, आजच तुमच्या डॉक्टरांना कळवा. डोस, पुन्हा एकदा होल्टर, ते ठरवतील. पुढच्या वेळी कुणी व्हिडिओ काढला तर उपयोग होतो. फीट आणि ही चक्कर बाहेरून सारखी दिसतात. फिटमध्ये बहुधा पाय मारतो, लाळ गळते, नंतर बराच वेळ भांबावलेला असतो. हा लगेच भानावर येतो, म्हणजे बहुधा हृदयाचंच.

आणि घरी येताना सगळ्यांनी फोन करून या. दार उघडायच्या आधी त्याला नाकाच्या कामाला लावा. आनंद कमी करता येणार नाही, पण वाटून देता येईल.

---

काळूची_आई | ५ मे, सकाळी ९:००

आमच्याकडे हेच करायचो. नवरा जिन्यातून शिट्टी वाजवायचा, मी काळूसमोर वाटी ठेवायचे. हिशेब चुकायचा कधीकधी.

---

सातारचा_नवखा | १२ जुलै, संध्याकाळी ७:२०

नमस्कार. सगळा धागा एका बैठकीत वाचला. आमचा बॉक्सर नऊ महिन्यांचा. कालच इको झाला, तोच दोष, वेग ४.२. घरात कुणी जेवलेलं नाही. तुम्ही सगळे इथे आहात का अजून?

---

रंकाळावासी | १२ जुलै, संध्याकाळी ७:५५

आहोत. आधी जेवून घ्या.

४.२ म्हणजे सत्तरच्या आसपास, मध्यम. डॉक्टर सांगतीलच, पण भोपळ्यापेक्षा तुमच्या बॉक्सरला दार थोडं मोठं आहे. बॉक्सरमध्ये ठोक्यांच्या लयीचा आजारही वेगळा असू शकतो, म्हणून होल्टरचं विचारून घ्या. घरात लहान मूल आहे का ते लिहा.

भोपळ्या आता एकवीस महिन्यांचा. मेनंतर डोस थोडा वाढवला, मग एकदाच पडला, जूनमध्ये, पहिल्या पावसात भिजून आत आला तेव्हा. सध्या नवरा ऑफिसातून निघताना फोन करतो आणि चेंडू लपवायची पाळी त्याची असते. सोपा लपवतो. मुलगा चिडतो त्यावरून.

बाकीचं व्यनि (खाजगी निरोप) करते. आठ वाजले, रताळं उकडलंय, गोळी द्यायची आहे.